आडनाव सोडा, वावर धरा: विदर्भातल्या खेड्यातले इंग्रजांच्या काळातले पूर्वज कसे शोधायचे

आपल्याकडे कोणी घराण्याचा शोध घ्यायला निघालं की पहिला प्रश्न आडनावाचाच असतो, म्हणजे आमचं आडनाव कुठून आलं, या आडनावाचे मूळ लोक कोण, याची काही वंशावळ नेटवर मिळते का वगैरे. प्रश्न चुकीचा नाही पण सुरुवात तिथून केली तर माणूस महिनाभरात थकून सोडून देतो, कारण वानखडे, ठाकरे, राऊत, इंगळे ही आडनावं विदर्भात चार-पाच वेगवेगळ्या जातींत आणि शेकडो गावांत आहेत आणि एका आडनावाचे दोन लोक नात्यातले असतीलच असं अजिबात नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 1880 किंवा 1910 च्या सरकारी कागदात तुमच्या खापरपणजोबाचं आडनाव बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. तिथं असतं स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव, बस. देशमुख, पाटील, देशपांडे असे वतनवाले सोडले तर बाकी रयतेला आडनाव लावायची पद्धत कागदोपत्री पक्की झाली ती बरीचशी शाळेच्या रजिस्टरामुळं, गुरुजींनी जे लिहिलं ते चिकटलं.

म्हणून माझं सांगणं असं आहे की गाव, वावर (म्हणजे शेत) आणि बापाचं नाव या तिघांना धरून मागं मागं जायचं, आडनाव आपोआप कुठंतरी सापडतं किंवा कुठं गळून पडतं ते दिसतं. खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं केलं तर नव्या माणसाला सोपं जाईल.

आधी घरातली म्हातारी माणसं

तहसीलमध्ये जायच्या आधी घरात बसा. आजोबा असतील तर आजोबा, नसतील तर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आत्या किंवा आजीची बहीण यांना तर आवर्जून भेटा, कारण भावाभावांत वावराच्या वाटणीवरून वाद झालेला असतो आणि ते एकमेकांच्या शाखेचं नाव टाळतात, आत्या मात्र सगळ्यांची नावं सरळ सांगते. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा (विचारून ठेवा), मधे मधे टोकू नका, आणि फक्त नावं विचारू नका. हे विचारा: पंजाला (म्हणजे पणजोबाला) भाऊ किती होते, त्यातलं कोणी गाव सोडून गेलं का, कोणी घरजावई गेलं का, दत्तक कोणी घेतलं का, कोणाची दोन लग्नं होती, वावर कोणतं विकलं आणि कोणाला विकलं, सावकार कोण होता, शाळा कोणत्या गावी होती. वावराची जी घरगुती नावं असतात, नाल्याकाठचं, बाभळीचं, महादेवाचं, ती पण लिहून घ्या, पुढं सर्व्हे नंबर शोधताना हीच कामी येतात.

कुलदैवत नक्की विचारा. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अमुक गावचा खंडोबा, यातून घराणं आधी कुठल्या बाजूनं आलं असावं याचा अंदाज लागतो, पुरावा नाही होत पण दिशा मिळते. गोंड घरांत देव विचारा, म्हणजे चार देव, पाच देव, सहा देव, सात देव, कारण तिथं आडनाव आणि देव यांची सांगड पक्की असते आणि सोयरीक त्यावरच ठरते, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला ते बिनचूक माहीत असतं.

मग पेटी उघडा. जुना सातबारा, खरेदीखत, सावकाराची चिठ्ठी, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, मयतीचा कागद, जे असेल ते. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागच्या बाजूचा शेरा आणि शिक्का बऱ्याचदा जास्त महत्त्वाचा निघतो.

तुमचं गाव वऱ्हाडातलं का मध्यप्रांतातलं, हे आधी ठरवा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग चुकीच्या कागदाची मागणी करत फिरतात. विदर्भ आज एक दिसतो पण इंग्रजांच्या काळात त्याचे दोन वेगळे भाग होते आणि दोन्हीकडं कागद वेगळे तयार झाले.

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आजचा वाशीम म्हणजे वऱ्हाड. हा मुलूख निजामाचा होता, 1853 मध्ये त्यानं तो कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला, मग 1903 पासून तो मध्यप्रांताला जोडून चालवला गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (म्हणजे चंद्रपूर), आजचे गडचिरोली आणि गोंदिया धरून, हा भोसल्यांचा मुलूख, तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले आणि इंग्रजांनी तो खालसा केला, 1861 मध्ये मध्यप्रांत तयार झाला.

फरक काय पडतो तर वऱ्हाडात रयतवारी होती. मुंबई इलाख्यासारखी मोजणी 1860 च्या दशकात सुरू झाली, प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर पडला आणि शेतकऱ्याचं नाव थेट सरकारच्या खात्यावर आलं. तिकडं नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याला मालगुजारी होती, सारा भरायची जबाबदारी मालगुजाराची, बाकी लोक त्याची कुळं. म्हणून तिथं तुमचा पूर्वज कोण होता यावर कागद बदलतो. मालगुजाराच्या घरचे असाल तर नाव लवकर आणि मोठ्या अक्षरात सापडतं, कुळाचं असाल तर जमाबंदीच्या यादीत शोधावं लागतं, आणि भूमिहीन मजुराचं असाल तर जमिनीच्या कागदात बहुतेक सापडणारच नाही, तिथं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हाच आधार.

राजुऱ्याकडचे असाल तर अजून वेगळं, तो भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता, जुने कागद उर्दूत निघतात.

जिल्हे-तहसीलही बदलत गेले, ते पण बघून घ्या. 1905 मध्ये वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, एलिचपूर (म्हणजे अचलपूर) जिल्हा अमरावतीत गेला, बाशीम (म्हणजे वाशीम) जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला, पुसद यवतमाळकडं आलं, खामगाव आणि जळगाव जामोद अकोल्यातून बुलढाण्याला गेले, वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. त्यानंतर 1982 ला गडचिरोली, 1998 ला वाशीम, 1999 ला गोंदिया वेगळे झाले, आणि मधल्या काळात नव्या तहसील्या कितीतरी निघाल्या. म्हणजे आज तुमची तहसील जी आहे तिथं 1920 चा कागद नसेल तर तो जळाला असं मानू नका, आधी जुन्या मूळ तहसीलच्या रेकॉर्ड रूमला विचारा. गावंही उठलेली आहेत. रिठी गाव म्हणून आपण ज्याला म्हणतो, पटकी किंवा प्लेगात किंवा दुष्काळात उजाड झालेलं, त्याचा मौजा कागदावर आजही जिवंत असतो आणि शेतीचे नंबर त्याच नावावर असतात, तुमचे लोक तिथून शेजारच्या गावात आले असतील तर दोन्ही मौज्यांची नावं अर्जात टाका.

कोतवाल बुक, सगळ्यात आधी हेच काढा

विदर्भात पूर्वज शोधायचा असेल तर कोतवाल बुकाएवढं कामाचं दुसरं रजिस्टर नाही. गावात जन्म झाला, मरण झालं की कोतवाल ते नोंदवून घ्यायचा आणि वरती कळवायचा, श्रीमंत-गरीब, जमीनवाला-बिनजमीनवाला सगळ्यांचं. 1970 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, तेव्हापासूनचं ग्रामपंचायतीत मिळतं, त्याआधीचं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये.

पण या बुकात शोधायची एक रीत आहे. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेक नसतं! बापाचं नाव, जात, गाव, तारीख आणि मुलगा झाला की मुलगी एवढंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची. त्यामुळं तुम्ही आजोबाचं नाव घेऊन शोधत बसाल तर काहीच सापडणार नाही, पंजाचं नाव घेऊन शोधायचं, आणि पंजाला जेवढी लेकरं झाली तेवढ्या नोंदी एकेक करून उतरवायच्या, मग कोणती आजोबाची ते वयावरून आणि भावंडांच्या क्रमावरून ठरतं. मृत्यूच्या नोंदीत मात्र माणसाचं नाव असतं, वय असतं, कधी कारण पण असतं, ताप, हगवण, देवी, पटकी असं. वय अंदाजे धरायचं, 60 लिहिलंय म्हणजे 52 पण असू शकतो आणि 70 पण.

तारीख माहीत नसेल तर मोठ्या साथीचं वर्ष आधार म्हणून घ्या. म्हातारी माणसं सांगतात ना की मोठ्या काळात आजा मेला, तो मोठा काळ 1896-97 चा किंवा 1899-1900 चा दुष्काळ असतो बरेचदा, आणि एका घरात आठ-पंधरा दिवसांत तिघं-चौघं गेले असं ऐकलं असेल तर 1918 च्या दिवाळीच्या आसपासची इन्फ्लुएंझाची साथ आधी तपासा. त्या पानांवर नोंदीच नोंदी असतात, एकाच घराच्या एकाखाली एक, वाचताना जीव कालवतो, पण घरात कोण कोण होतं हे त्या पानांवर जसं कळतं तसं दुसरीकडं कुठंच कळत नाही.

अर्ज साध्या कागदावर करायचा, तहसीलदारांच्या नावानं, कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात मौजा, जुनी तहसील, पूर्वजाचं नाव आणि बापाचं नाव, जात, आणि कालावधी लिहायचा. कालावधी पाच-सात वर्षांचा द्या, 1880 ते 1950 सगळं द्या असं लिहिलं तर बाबू अर्ज बाजूला ठेवतो, आणि त्याचंही बरोबरच आहे, गठ्ठे सोडून पानं पलटायला माणूस लागतो. शक्य असेल तर सोबत बसून बघू देण्याची विनंती करा, बऱ्याच ठिकाणी नीट बोललं तर बघू देतात. नोंद सापडली की प्रमाणित नक्कल घ्या, नुसता फोटो नको, आणि नक्कलीवर रजिस्टरचं वर्ष, पान आणि अनुक्रमांक आलाय का ते तिथंच उभं राहून बघा. उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पानं फाटलेली, वाळवी लागलेली, काही वर्षांची बुकं गहाळ, हे सगळं होणार, तेव्हा शेजारच्या वर्षाचं मागा आणि पुढं चला.

वावराचे कागद

इथं वऱ्हाड आणि नागपूरकडचा फरक लक्षात ठेवून वाचा.

सातबारा आत्ताचा घ्या आणि त्यावरचे फेरफार नंबर लिहा. प्रत्येक फेरफार म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी गेली त्याची नोंद, वारसानं गेली असेल तर मयताचं नाव आणि वारसांची नावं तिथं असतात, कधी कधी मुली आणि विधवा धरून. एक फेरफार काढला की त्यात मागचा नंबर मिळतो, तो काढला की अजून मागचा, असं उलटं उलटं जायचं. फेरफार पटवाऱ्याकडं किंवा तहसीलमध्ये. स्कॅन झालेले जुने अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या साईटवर जिल्ह्यानुसार कमी-जास्त मिळतात, घरी बसून बघून घ्यायला बरं पडतं.

त्याच्या मागं गेलं की वऱ्हाडात पेरेपत्रक (कोणत्या वावरात काय पेरलं त्याची नोंद), हक्क नोंदणी, आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या वेळचे कागद, शेतवार पत्रक, प्रतिबुक (मोजणीची वही), क्लासर रजिस्टर (जमिनीच्या प्रतवारीचं) असे. शेतवार पत्रकात सर्व्हे नंबरवार खातेदाराचं नाव असतं, आणि इंग्रजांच्या पहिल्या-दुसऱ्या मोजणीचं मिळालं तर एका उडीत पन्नास-साठ वर्षं मागं जाता येतं. सर्व्हे नंबर आणि गट नंबर मधे बदललेले असू शकतात, म्हणून जुन्या-नव्या नंबरांची तुलना दाखवणारा कागदही मागा.

नागपूरकडच्या भागात 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी (म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही) ही पहिली मागायची गोष्ट, कारण 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि त्यानंतर कोणाच्या नावे काय राहिलं हे नव्यानं लिहिलं गेलं. त्याच्या आधीचं म्हणजे बंदोबस्ताची (सारा ठरवण्याच्या मोजणीची) मिसल म्हणजे फाईल, आणि त्यात खसरा (शेतांची नंबरवार यादी), जमाबंदी, खेवट, वाजिब-उल-अर्ज असे कागद. बंदोबस्त साधारण 1860 च्या दशकात एकदा, 1890 च्या दशकात एकदा आणि 1910 च्या आसपास एकदा झालेले आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात दोन-चार वर्षं इकडं तिकडं. खेवटात मालकांचे हिस्से, जमाबंदीत कुळांची नावं. तिथं मालिक मकबुजा लिहिलं असेल तर तो माणूस स्वतःच्या तुकड्याचा मालक होता, मौरूसी म्हणजे कायमचा हक्क असलेलं कूळ, सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराची घरची शेती. वाजिब-उल-अर्जात गावच्या रीती असतात, पाणी कोणाचं, चराई कुठं, सरपण कुठून आणायचं. पूर्वजाचं नाव त्यात नसलं तरी तो कसा जगत होता ते कळतं, मी तर म्हणतो नाव सापडायच्या आधीच हे एकदा वाचून काढा.

अहेरीसारख्या जमीनदारीतली गावं असतील तर जमीनदारीच्या नावानं वेगळी विचारणा करावी लागते, मालगुजारी गावाच्या गठ्ठ्यात ते मिळत नाही.

शाळा आणि दुय्यम निबंधक

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांकडं असतं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा का सोडली. आडनाव पहिल्यांदा दिसतं ते बहुतेक इथंच. शाळेचं नाव बदललेलं असतं, आज जिल्हा परिषदेची आहे ती 1962 च्या आधी जनपद सभेची आणि त्याआधी लोकल बोर्डाची असू शकते, रजिस्टर मात्र तेच पुढं चालत आलेलं असतं. आजा शाळेत गेलाच नसेल तर त्याचा धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ गेला असेल, त्याची नोंद काढा, बापाचं नाव तेच मिळेल. जन्मतारखेवर फार विश्वास नको, पुष्कळ पोरांना 1 जुलै किंवा 1 जूनला जन्माला घातलंय गुरुजींनी.

दुय्यम निबंधकाकडं जुनी खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं असतात. शोधायला दोन सूच्या, इंडेक्स 1 माणसाच्या नावानं आणि इंडेक्स 2 मिळकतीच्या नावानं. वऱ्हाडात कापसाच्या तेजी-मंदीत जमिनी सावकाराकडं भरपूर गेल्या, त्यामुळं ज्या घराकडं आज एकरभर पण नाही त्याच्या पूर्वजाचं गहाणखत इथं निघू शकतं, आणि गहाणखतात चारही बाजूंच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) शेजाऱ्यांची नावं असतात. हे शेजारी बरेचदा भाऊबंदच निघतात.

लिपी आणि वर्षं

जुने कागद मोडीत असतात, त्याला घाबरू नका. वर आधी रेघ ओढून घेतात आणि खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. सगळी मोडी शिकायची गरज नाही, आधी आपल्या गावाचं नाव, जातीचं नाव आणि पूर्वजाचं नाव एवढे तीन-चार शब्द मोडीत कसे दिसतात ते एखाद्या जाणकाराकडून कागदावर लिहून घ्या आणि तेच डोळ्यांनी शोधत जा. पुढं इच्छा झाली तर पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, तिथं शिकता येतं.

नोंद साधारण अशी दिसते: गणू वल्द सखाराम, कौम कुणबी, साकिन अमुक मौजा. वल्द म्हणजे बापाचं नाव, कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार, जौजे असेल तर कोणाची बायको, बेवा म्हणजे विधवा. गणू हाच पुढं गणपत म्हणून दिसेल, सख्या म्हणजे सखाराम, पांड्या म्हणजे पांडुरंग, आणि गरीब जातीच्या माणसाचं नाव अर्धवट आणि हलकं करून लिहायची त्या काळची वाईट खोड होती ती पण ध्यानात ठेवा. कचरू, धोंडू, दगडू अशी नावं दिसली तर आधीची लेकरं दगावली असतील, म्हणजे मागच्या वर्षांच्या मृत्यूच्या पानावर परत जाऊन बघा.

वर्ष शके असेल तर 78 मिळवा, वऱ्हाडातला निजामी फसली सन असेल तर 590 मिळवा, वर्ष मधेच सुरू होतं म्हणून एक वर्ष पुढं-मागं धरा. म्हणजे शके 1797 हे 1875-76, आणि फसली 1270 हे 1860-61.

जनगणनेबद्दल

इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की 1881 किंवा 1911 च्या जनगणनेत आमच्या घराची यादी मिळेल का. आपल्याकडं घरोघरच्या त्या याद्या जपून ठेवल्याच नाहीत, आकडे काढून झाले की संपलं. नावं मिळतात ती 1951 च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीत, ती जनगणनेवरूनच गावागावात लिहिली होती, तहसीलमध्ये विचारा.

कचेरीच्या बाहेर

गोंदिया-भंडाऱ्याकडं पोवारांमध्ये भाटांच्या पोथ्या आहेत, पिढ्यान् पिढ्या नावं चढवलेली. अजूनही काही समाजांत भाट येतात, आले की धान्य-दक्षिणा देऊन रवाना करू नका, बसवा, आणि आपल्या शाखेचं पान वाचून घ्या. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशी-गयेला घरचं कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत नाव, गाव, सोबत कोण होतं हे असतं. आधी जिल्हा आणि गाव सांगायचं, त्यावरून कोणता गुरुजी ते कळतं. हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या वंशावळ संस्थेनं केली आहे आणि फॅमिलीसर्च या फुकटच्या साईटवर ती बघता येते, आपल्याकडचे हरिद्वारपर्यंत गेलेले थोडे, पण गेले असतील तर बघा.

नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे दप्तर आहे, घराण्यात वतन, इनाम, मालगुजारी, सरकारी नोकरी किंवा कोर्टकज्जा असेल तर तिकडं जाणं फायद्याचं. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर पण वाचा, वर्धा 1906, नागपूर आणि यवतमाळ 1908, अकोला आणि बुलढाणा 1910, अमरावती 1911, ती स्कॅन होऊन नेटवर आहेत. सामान्य माणसाचं नाव त्यात नसतं आणि इंग्रज साहेबानं जातींबद्दल जे लिहिलं ते डोळे मिटून मानायचं नाही, पण बाजार कुठं भरे, रस्ता कधी झाला, दुष्काळी काम कुठं चाललं, यावरून घरचं माणूस गाव सोडून कुठं गेलं असेल ते कळतं. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली, एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली, खेड्यातला एखादा भाऊ एकदम कागदातून गायब झाला तर तिकडं गेला असेल का हा विचार करून बघा. फौजेत गेलेला आणि महायुद्धात परत न आलेला असेल तर कॉमनवेल्थ युद्ध कबरी आयोगाच्या साईटवर नाव टाका, पण स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेनं टाकून बघा. ख्रिस्ती घराणं असेल तर कोतवाल बुकासोबतच चर्चचं बाप्तिस्मा आणि लग्नाचं रजिस्टर, तिथं आईचं नाव पण मिळतं.

जात बदललेली दिसली तर

बौद्ध घरांत 14 ऑक्टोबर 1956 च्या आधीच्या कागदात महार आणि नंतर बौद्ध किंवा नवबौद्ध असं दिसेल, माणूस एकच. गोंड-गोवारी, माना, हलबा-कोष्टी अशा घरांत एकाच कुटुंबाच्या दोन कागदांत दोन नोंदी निघतात आणि त्यावर कोर्टापर्यंत वाद गेलेले आहेत. जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा, आपल्याला हवं ते वाचू नका.

पुष्कळ लोक हा शोध जात पडताळणीसाठीच सुरू करतात, त्यांच्यासाठी तारखा: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967, याच्या आधीचा पुरावा लागतो. तिथं वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि दक्षता पथक मूळ रजिस्टर जाऊन बघतं, म्हणून दुसऱ्याच्या घरातला सारख्या नावाचा माणूस आपल्या झाडात बसवायचा मोह झाला तरी करू नका, गुन्हा तर आहेच पण तुमच्या मागून येणाऱ्या सगळ्या पोरांचं त्यामुळं अडतं.

जोडायचं कसं

एका वहीत एक पान एका माणसाला द्या. वर नाव, खाली जे जे सापडलं ते, आणि प्रत्येक ओळीसमोर कोणत्या कागदातून ते आलं. तोंडी ऐकलेलं पेन्सिलनं, कागदावरचं पेननं, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. दोन माणसं एकच आहेत असं म्हणायला नाव, बापाचं नाव आणि गाव जुळलं तरी पुरेसं नाही, कारण आपल्याकडं नातवाला आज्याचं नाव ठेवतात, गणू वल्द सखाराम आणि त्याचा नातू गणू वल्द सखाराम असे दोघं एकाच गावात निघू शकतात. चौथी खूण लागते, सर्व्हे नंबर किंवा भावाचं नाव किंवा बायकोचं नाव. दोन पिढ्यांत साधारण वीस ते तीस वर्षांचं अंतर धरा, बारा वर्षांचा बाप निघत असेल तर मधली एक पिढी सुटली आहे किंवा माणूस दुसरा आहे.

आणि बायकांची नावं. सरकारी वंशावळीत फक्त पुरुषांची साखळी काढायची सवय लागलीये, कागदातही आई म्हणून क्वचितच लिहिलंय, पण बेवा म्हणून वारसाच्या फेरफारात, नवऱ्याच्या कर्जासाठी अंगठा दिलेल्या गहाणखतात, मृत्यूच्या नोंदीत त्या सापडतात. पंजी कोणत्या गावची होती हे कळलं तर त्या गावच्या कोतवाल बुकातही तिच्या बापाच्या नावानं शोध घ्या, कारण पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि ज्या आजोबाचा जन्म आपल्या गावच्या बुकात वर्षानुवर्षं सापडत नाही तो आजोळच्या गावात नोंदलेला असतो. तिथं बापाच्या नावापुढं गाव आपलं लिहिलेलं असेल, तेवढं बघून घ्या आणि त्या पानाची नक्कल लगेच मागा.